कार्तिकातलं बेट, चैत्रातली टेकडी

कोयना धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे शिवसागर जलाशयात, निवांत जागा कुठली, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "जायचं कधी?" समोरच्याला वाटतं, हिला थंडी-उन्हाची काळजी. पण दिवाळीच्या सुमारास जे बेट असतं ते होळीपर्यंत काठाला जाऊन चिकटतं आणि वैशाखात त्याच्या चारी अंगांनी गुरं चरतात. नोव्हेंबरात लाँच ज्या घळीत अगदी आतपर्यंत शिरते, तिथे एप्रिलमध्ये चपला हातात घेऊन चिखल तुडवावा लागतो. तेव्हा शिवसागर जलाशयातल्या माझ्या आवडत्या जागा सांगायच्या, तर प्रत्येक जागेबरोबर महिनाही सांगावा लागणार.

कोयना उगम पावते महाबळेश्वरला, कृष्णेच्या शेजारीच. कृष्णा पूर्वेची वाट धरते. कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे उतरते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरणाची भिंत त्या वळणाच्या थोडी अलीकडे आहे. त्यामुळे पाणी तुंबलं ते लांबट, अरुंद दरीत. भिंतीपासून उत्तरेला, तापोळा गावाच्या बाजूला, जवळपास पन्नास किलोमीटर. दोन्ही अंगांच्या डोंगरांतून येणारा प्रत्येक ओढा आणि प्रत्येक घळ त्याच पातळीला भरली. नकाशात हा जलाशय माशाच्या काट्यासारखा दिसतो तो त्यामुळे. मधला कणा हा लाँचवाल्यांचा हमरस्ता, आणि बाजूचे काटे म्हणजे मी ज्यांच्यासाठी साताऱ्याहून अंधारात निघते त्या जागा.

कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलांसाठी जी झुंबड उडते, त्यातली थोडीच माणसं पुढचा घाट उतरून जलाशयाकाठच्या बामणोलीला येतात. आली तरी अर्ध्या-पाऊण तासाची फेरी, फोटो, कांदाभजी आणि परत. त्यांची चूक नाही. लाँचच्या दरपत्रकावर तेवढंच असतं. संगम दाखवून आणतात, म्हणजे कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्या जिथे मिळतात ते रुंद पाणी. सुंदर आहे, पण तिथे थांबण्यासारखं काही नाही. तीन नद्या मिळतात असं आपण म्हणायचं. डोळ्यांना एकच पाणी दिसतं.

मला स्वतःला बामणोलीच्या धक्क्यावरची सकाळ जास्त आवडते. पर्यटक यायच्या आधी, आठच्या आतबाहेर, पलीकडच्या गावांचं सामान लाँचवर चढत असतं. गॅसची टाकी, सिमेंटची पोती, कोंबड्यांचं डालगं, चुलत्याच्या वर्षश्राद्धाला मुंबईहून आलेला मुलगा आणि त्याची चाकांची बॅग, जी त्या दगडी उतारावर अजिबात चालत नाही. एकदा एक आजी मांडीवर शिलाई मशीनचं मुंडकं घेऊन बसल्या होत्या. बाकीचं मशीन टपावर बांधलं होतं. "हे खाली ठेवा की," असं कुणीतरी म्हणालं. "आन् कलंडलं म्हंजी?" आजींनी पदराने त्यावरचं पाणी टिपलं आणि पलीकडच्या काठाला उतरेपर्यंत ते सोडलं नाही.

मी ज्यांच्या लाँचने जाते त्या मामांनी बरीच वर्षं वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून काढली. जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या घरटी एखाद्या तरी माणसाच्या पाठीने मुंबई-नवी मुंबईची पोती वाहिलेली आहेत, हे इकडे कुणाला नवीन नाही. पाठ गेल्यावर ते परत आले आणि लाँच घेतली. बोलतात कमी. विचारल्याशिवाय तर काहीच सांगत नाहीत, आणि हाच त्यांचा मोठा गुण आहे.

आता जागा. पाऊस सरता सरता, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, माझी पसंती पश्चिम काठाला. हा काठ कोयना अभयारण्याचा. अभयारण्य १९८५ सालचं, आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पूर्वेच्या काठावर गावं, रस्ते, तंबू, हॉटेलं. पश्चिमेला धारेपर्यंत चढत गेलेलं रान. धरण काठोकाठ असतं तेव्हा या बाजूला किनारा असा नसतोच. जांभळीच्या खालच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या असतात. वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला अशा कितीतरी घळी लागतात. वासोट्याला जाणाऱ्यांच्या लाँच त्यांच्यासमोरून सरळ निघून जातात, कारण त्यांना वेळेत चढून, नागेश्वरची गुहा करून, संध्याकाळच्या आत परत फिरायचं असतं. किल्ल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बाबूकड्याच्या टोकावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो, हे खरं आहे, एवढंच.

घळीत शिरायची एक रीत आहे. तोंडाशी आल्यावर मामा इंजिन हळू करतात आणि पाण्याकडे बघत बसतात. "ताई, हितनं पुढं खुंटं हायती." धरण भरलं तेव्हा इथली झाडं तोडली गेली, काही उभीच बुडाली. त्यांचे बुंधे अजून पाण्याखाली आहेत. त्यातले काही टोकं वर काढून असतात. राखाडी, साल गेलेली, वर एखादा पाणकावळा पंख सुकवत बसलेला. ती दिसतात म्हणून त्रास नाही. लाँचचा पंखा मोडतो तो पाण्याच्या वीतभर खाली असलेल्या खुंटावर. मामा ते कसे ओळखतात हे मी बरेच दिवस न्याहाळलं. वाऱ्याने पाण्यावर जी बारीक लहर उठते, ती एका ठिकाणी किंचित अडखळते. तिथे ते सुकाणू वळवतात. मग एका जागी इंजिन वर उचलतात आणि बांबूने रेटत आत नेतात.

इंजिन बंद झाल्यावर लगेच शांत वाटत नाही. कानात तो डिझेलचा ठोका काही वेळ चालूच असतो. मग एकेक ऐकू यायला लागतं. बांबूवरून निथळणारं पाणी. वर कुठेतरी शेकरूची कर्कश, तुटक ओरड. घळीच्या डोक्याला अजून वाहणारा ओढा, जो दिसत नाही. हवा दोन-तीन अंशांनी तरी उतरलेली असते आणि कुजलेल्या पानांचा, ओल्या दगडांचा वास येतो. मुख्य पाण्यावर कितीही वारा असला तरी या आतल्या कोपऱ्यात पाणी हलत नाही, कारण घळ वाकडी असते. ओढा जसा वळणं घेत उतरला तशीच ती आहे. सरळ घळीत वारा शिरतो. निवडताना हे लक्षात ठेवावं: तोंडातून टोक दिसत असेल तर ती जागा सोडावी, पुढची बघावी.

उतरायला मात्र बंदी आहे, आणि ती पाळावी. परवानगी वनखात्याची, ठरलेल्या वाटेची, दिवसापुरती. रात्री राहता येत नाही. होडीतच बसायचं, डबा होडीतच खायचा, आणि खरकटं पाण्यात टाकलं तर मामा रागावतात.

बेटांचा हिशेब वेगळा. शिवसागरातली बेटं म्हणजे जुन्या डोंगरांचे खांदे आणि टेपाडं. पाणी पूर्ण चढतं तेव्हा जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते, आणि त्या रेषेच्या जरा वर ज्याचं डोकं आहे त्याला बेट व्हायचं भाग्य लाभतं. काही तर दोन-तीन महिन्यांपुरतीच. संगमापासून थोडं खाली असं एक टेपाड आहे. त्याचं नाव इथे देणार नाही, कारण त्याला सरकारी नाव नाही आणि मामांच्या घरातलं नाव माझं नव्हे. माथा चार-सहा घरांच्या अंगणाएवढा. गवत कमरेपर्यंत, मध्ये एक वाकडा हिरडा, आणि दगड रचून केलेली, आता ढासळलेली ताल, म्हणजे शेताचा बांध. बेटावर शेताची ताल बघून मला आधी काही उलगडेना.

"वरच्या अंगाला आमची वरी असायची," मामा म्हणाले. "खाली भात."

खाली म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. आम्ही ज्या पाण्यावरून आलो त्याखाली. त्यांच्या वडिलांची खाचरं, गाव, गावाची विहीर सगळं साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाण्यात गेलं. ज्यांना सरकारने जमीन दिली ते ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगलीकडे पांगले. ज्यांना मिळाली नाही, किंवा ज्यांचा पाय निघाला नाही, ते पाण्याच्या वर सरकून डोंगराच्या पोटाला राहिले. पुनर्वसनाचे दाखले घेऊन हेलपाटे घालणारी तिसरी पिढी मी पाहिली आहे. मामा हे सगळं एका दमात सांगत नाहीत. हिरड्याखाली बसून भाकरी सोडताना त्यांनी फक्त हाताने दाखवलं, त्या तिथे घर, त्याच्या अलीकडे देऊळ, आणि हात पाण्यावर फिरत राहिला. पुढच्या वेळी आम्ही त्याच भागावरून गेलो तेव्हा मी पाण्याकडे निराळ्या नजरेने बघत होते. त्यांनी मात्र डिझेलचा भाव काढला.

या पाण्याची ये-जा का होते, तेही सांगायला हवं, कारण निवांतपणाचं वेळापत्रक त्यावरच आहे. कोयनेची साठवण १०५ टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, थोडी वर. त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात सोडता येतं. पोफळीला आणि खाली त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. उरलेलं पाणी पूर्वेला, शेतीला. धरणाचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं. पावसाळ्यात रोजच्या पेपरात कोयना, नवजा, महाबळेश्वर असे पावसाचे तीन आकडे येतात आणि सातारा जिल्ह्यातली माणसं ते शेअर बाजारापेक्षा जास्त श्रद्धेने वाचतात. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरतं. पुढे तुमच्या-आमच्या घरात दिवा लागतो तसतसं बेट काठाकडे सरकतं. मेअखेरीला पातळी ऐंशी-शंभर फुटांनी उतरलेली असते. एवढ्या उतरलेल्या पाण्यातूनही वीज काढता यावी म्हणून मार्च १९९९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला खालून बोगद्याने जाऊन भोक पाडलं, ते लेक टॅपिंग. पहिल्या वेळी केवढी चर्चा झाली होती! आशियातला पहिलाच प्रयोग म्हणून शाळेतल्या मुलांनाही तो शब्द पाठ होता.

आणि १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटेचा भूकंप. दीडशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर बसलं. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध यावर जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ आजही कोयनेकडे बघतात. इकडची वयस्क माणसं वर्षं सांगताना "भूकंपाच्या आधी" आणि "भूकंपाच्या मागनं" अशीच सांगतात. धरण झालं त्याच्या आधी-नंतर असं फारसं कुणी म्हणत नाही, याचं मला कोडं आहे.

माघ-फाल्गुनात मी पश्चिमेच्या घळी सोडते आणि पूर्वेच्या काठाने, पाणी उतरलेल्या भागात फिरते. फोटोवाल्यांना हा काळ आवडत नाही. रान आणि पाणी यांच्यामध्ये उघडी लाल माती येते, आणि तिच्यावर आठवड्या-आठवड्याच्या पातळीच्या रेघा, एकीखाली एक. मला तर याच दिवसांत जलाशय वाचता येतो. चिखलात रात्रीच्या पायांची नोंद असते. गव्याचा खूर रुंद, दोन्ही भाग फाकलेले, आत पाणी साचून त्यात आभाळ आलेलं. सांबराचा त्याहून बारका, नेमका. त्यांना छेद देऊन गेलेल्या बगळ्यांच्या पावलांच्या रांगा. सुकलेल्या भागावर शिंपले, तुटलेल्या जाळ्याचा गुंता, आणि दरवर्षी हमखास एक रबरी चप्पल, डाव्याच पायाची. वरच्या अंगाला अंजनीला जांभळा फुलोरा आलेला असतो आणि मधमाश्यांचा आवाज पाण्यापर्यंत येतो. पाणी उतरलेल्या गाळात पेरतात त्या गाळपेरीच्या पट्ट्यात कुणी काही पेरलेलं असलं तर बुजगावणंही उभं असतं.

मे महिन्यात तळाची जोती उघडी पडतात. घरांची, देवळांची. पाटा-वरवंटा, उखळ, कुणाच्या दारातली पायरी. यात्रा-जत्रांना मुंबईहून आलेले चाकरमानी संध्याकाळी तिथे फिरायला जातात. म्हातारे पोरांना दाखवतात आणि पोरं मोबाइलला रेंज शोधतात. त्या दिवसांत लाँचने जाण्यात अर्थ नाही. चालत जावं. आणि बाहेरच्या माणसाने जावं का, याबद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. मी गेले आहे, पण कॅमेरा पिशवीतच ठेवला.

सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत निवांत काटा म्हणजे कांदाटी खोरं. तापोळ्यापासून पाणी पश्चिमेला आत वळतं आणि डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. वर चकदेव, पर्वत ही शिखरावरची गावं. चकदेवहून शिड्या उतरून कोकणात खेडच्या बाजूला जायची जुनी वाट आहे. तापोळ्याला गाड्या पलीकडे न्यायला तराफा असतो. जीपगाडी, दोन मोटारसायकली, म्हशी आणि त्यांच्यामध्ये उभी माणसं असं ते निघालं की बघत राहावं. या भागात तरंगता दवाखानाही फिरतो. ही निवांत जागा आहे हे मी लिहिते आहे, पण तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, लांब आहे. बाळंतीण रात्री लाँचने न्यायची, वादळ असेल तर थांबायचं. २०२२ च्या सुरुवातीला खिरखिंडी गावच्या मुली स्वतः होडी वल्हवत अंधारीच्या काठाला जातात आणि तिथून रानातून चालत शाळा गाठतात, ही बातमी आली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्या मुलींचे फोटो छापून आले होते. त्यांच्या मागे जी घळ दिसत होती, तीच माझ्या आवडत्या घळींपैकी एक असती तरी मला नवल वाटलं नसतं.

म्हणून पूल होतायत, रस्ते होतायत, नवीन महाबळेश्वरच्या योजना येतायत, याला उठसूट नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. मुनावळ्याला २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झालं. वेगवान बोटी, पाण्यावरच्या स्कूटर. तिथल्या पोरांना गावात काम मिळत असेल तर ते वाशीच्या पोत्यांपेक्षा नक्कीच बरं. माझी तक्रार तंबूवाल्यांच्या स्पीकरशी आहे. रात्री अकराला पूर्वेच्या काठावर वाजणारी गाणी पश्चिमेच्या रानात स्पष्ट ऐकू येतात; पाण्यावरून आवाज फार लांब जातो. इंजिनाच्या बोटींना मधला कणा मोकळा ठेवावा आणि घळींच्या तोंडाशी वल्ह्याची सक्ती करावी, एवढं तरी करता येईल. लाँचवाल्यांचा विरोध होईल असं मला वाटत नाही. पंखे त्यांचेच मोडतात.

कुणाला जायचंच असेल तर थोडं व्यवहाराचं. सकाळी लवकर निघा. थंडीत नऊ-दहापर्यंत धुकं पाण्यावरून उठत नाही, तेवढा वेळ धक्क्यावर चहात काढा. धुक्यात निघायची घाई करणारा लाँचवाला नको. दुपारनंतर मधल्या पाण्यावर वारा सुटतो आणि लाटा लाँचच्या काठाशी येतात, तेव्हा जेवणापर्यंत आतली घळ गाठून परतीचा बेत उजेडात ठेवा. लाइफ जॅकेट अंगात घाला, बसायला खाली घेऊ नका. धरणाच्या भिंतीकडच्या पाण्यात जायचा हट्ट धरू नका, तिथे सुरक्षेमुळे मनाई असते. पूर्ण लाँचचं भाडं ठरवताना "फेरी" नको, "दिवस" म्हणा. फेरी म्हटलं की इंजिन बंद होत नाही.

कांदाटीच्या काट्याचं अगदी टोक माझं अजून राहिलंय. तिथवर जायला पाणी पुरेसं हवं, म्हणजे संक्रांतीच्या आत, आणि नेमका तेव्हाच वासोट्याचा हंगाम असल्यामुळे मामांना दिवसभराचं भाडं सोडवत नाही. यंदा त्यांनी मंगळवार सुचवलाय. मंगळवारी म्हणे पुण्याची माणसं येत नाहीत. डबा मी आणायचा, भाकरी नाचणीची हवी आणि चटणीत शेंगदाणे कमी, कारण त्यांचे पुढचे दोन दात गेल्या शिमग्यात गेलेत.